वाखाचे चार शनिवार

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागली की एक वास यायला हवा, असं माझं नाक अजूनही धरून चालतं. कित्येक वर्षांत तो आलेला नाही. पाण्यात कुजणाऱ्या अंबाडीचा वास. ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांना कसा सांगावा? डबक्यातलं शेवाळ, ओलं गोणपाट आणि त्यात मिसळलेला एक आंबट हिरवेपणा. सेलूहून वालूरकडे जाणारी आमची जीप ओढ्याजवळ आली की बाया नाकाला पदर लावायच्या आणि ड्रायव्हर उगीचच गाडीचा वेग वाढवायचा. पदर मीही लावायची. पुढं कधीतरी याच वासासाठी जीव तुटेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

यंदाही मार्गशीर्ष लागला. परभणीत आमच्या गल्लीत सकाळी शेकोट्या दिसू लागल्या. गावाबाहेर तूर पिवळ्या फुलांनी भरली, वेचून झालेल्या कापसाच्या शेतात पांढरे पुंजके अडकून राहिले. दारावर येणाऱ्या भाजीवालीनं मेथीखालून एक जुडी काढली. "अंबाडी हाय बाई. भाकरीसंगं लय ग्वाड लागती." जुडी घेतली. निवडताना एका देठाची साल नखानं सोलली, तर रेशाचा एक लांब दोरा निघाला. तो मी दोन बोटांत धरून वळायला लागले आणि तसाच वळत राहिले. चुलीवरचं पाणी उकळून आटलं तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

वीसेक वर्षं झाली असतील. तेव्हा माझी पस्तिशी होती. वालूरच्या पुढं आडबाजूच्या एका गावात आमची चौथीपर्यंतची शाळा होती. दोन खोल्या, एक ओसरी, मागं आड आणि पुढं एक लिंबाचं झाड. मोठे गुरुजी सदा कागदपत्रांत बुडालेले, त्यामुळं वर्ग बहुतेक मीच बघायची. दिवाळीनंतर त्या शाळेचं दरवर्षीचं दुखणं सुरू व्हायचं. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आणि वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. हजेरी घेताना मी नाव पुकारायची आणि दुसरंच कुणीतरी उत्तर द्यायचं, "गेली बाई, कारखान्यावर." हे उत्तर पोरं इतक्या सहज द्यायची की जणू ती मुलगी पाणी प्यायला गेली आहे.

मंगल चौथीत होती. तिचे आईबापही दरवर्षी तोडीला जायचे, पण तिला गावात आजोबांजवळ ठेवून जायचे. म्हणून मार्गशीर्षातही तिची जागा भरलेली असायची. पण ती नुसतीच बसायची. भिंतीकडेला, गुडघे पोटाशी घेऊन, ओठ मिटून. चार वर्षांत तिला धड जोडाक्षर येत नव्हतं. पाढा म्हणायला उभी केली की ती माझ्या पायांकडं बघत राहायची, आणि मला वाटायचं, हिला माझ्या चपलेतच काही दिसत असावं. मी वाईट शिक्षिका नव्हते. पण साठ पोरांत जी बोलत नाही तिच्यावरून नजर सरकून पुढं जाते, तशी माझीही जायची.

त्या वर्षी कारखाने उशिरा सुरू झाले आणि टोळ्या मार्गशीर्षापर्यंत गावातच राहिल्या. अशाच एका दुपारी शाळेच्या आडाचा दोर तुटला. बादली खाली गेली, पोरांनी गळ टाकून ती वर काढली. दोराचे दोन तुकडे ओसरीवर पडले होते. मी मोठ्या गुरुजींना म्हणत होते की उद्या वालूरहून नायलॉनचा दोर आणायला सांगा. वळून बघते तर मंगल ते दोन तुकडे घेऊन बसलेली. तिनं दोन्ही टोकांचे पदर उकलले होते. एकात एक घालत, थुंकी लावत, मांडीवर घासत ती ते विणत होती. तिची बोटं इतकी भराभर चालत होती की आजवर मी बघितलेली मंगल ती हीच का, असं मला वाटलं.

"घ्या बाई," ती म्हणाली.

मी दोर हातातून सरकवून बघितला. "जोड कुठंय? गाठ दिसत नाही."

"गाठ न्हाई मारली बाई. गाठ मारली की चाकावर अडकती. मंग बादली हिसका खाती, पाणी सांडतंय. एकमेकात घालून इणायचं. मंग दोराला बी कळत न्हाई कुठं तुटला व्हता."

चार वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

त्या संध्याकाळी मी परतीची नेहमीची जीप सोडली आणि तिच्या आजोबांना भेटायला ओढ्याकडं गेले. गावापासून हटून असलेल्या त्या वस्तीतलं सटवाजी आबांचं घर शेवटचं. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या दोर वळले जात. गावातल्या प्रत्येक बैलाचा कासरा, प्रत्येक गाईचं दावं, प्रत्येक स्वयंपाकघरातलं शिंकं त्यांच्या हातचं. आबा गुडघाभर पाण्यात उभे होते. दगडाखाली दाबून ठेवलेल्या अंबाडीच्या पेंढ्या काढून ते साल ओरबाडत होते, आणि ती धुऊन काठावरच्या बाभळीवर वाळत घालत होते. वाळलेल्या त्या रेशांना ते वाख म्हणत. उतरत्या उन्हात बाभळीवरचा वाख म्हाताऱ्या बाईच्या मोकळ्या केसांसारखा दिसत होता. वास मरणाचा होता. मी पदर नाकाला लावला नाही, एवढं मला आठवतं. लाज वाटली असावी.

म्हटलं, "आबा, दर शनिवारी कार्यानुभवाचा तास असतो. तुम्ही येऊन पोरांना दोर वळायला शिकवाल का?"

ते हसले. दात थोडेच उरले होते. "म्या? शाळंत?" मग पाण्यात बघत म्हणाले, "बाई, आमच्या टायमाला आमाला शाळंत घेत न्हवते. भायेर बसून ऐकायचं. आता मलाच मास्तर करता व्हय?"

"याल ना?"

"येतो की. लेकरायला काय, खेळ व्हईल."

चार शनिवार म्हणते खरी. चौथा पुरा झालाच नाही.

पहिल्या शनिवारी आबा धुतलेलं धोतर नेसून आले. मी त्यांच्यासाठी वर्गातली खुर्ची ओसरीवर आणून ठेवली होती. ते खुर्चीकडं बघत उभे राहिले आणि मग लिंबाखाली मातीतच बसले. म्हणाले, "खुर्चीत बसून दोर वळत न्हाई बाई. पायाचा आंगठा लागतो." खरंच लागत होता. अंगठ्याला वाख अडकवून ते वळू लागले. पोरं भोवती दाटली. सकाळचं कोवळं ऊन, लिंबाची पिवळी पानं, आणि तळहातावर तळहात घासल्याचा तो कोरडा आवाज. जी पोरं पाच मिनिटं एका जागी बसत नव्हती, ती तासभर हलली नाहीत. मंगल आबांच्या मागं उभी होती. हळूच ती पुढं आली आणि एकेका पोराचा हात धरून सांगू लागली, "असं न्हाई. उलटा. उलटा पीळ दे." वर्गात कुणी तिच्याशी खेळत नसे. त्या दिवशी पोरी तिच्या नावानं हाका मारत होत्या.

दुसऱ्या शनिवारी आबांनी तीन पदरांचा दोर लावला. एका पदराला सात धागे. मी सहज विचारलं, "मंगल, सगळे मिळून धागे किती लागतील गं?" तिनं वर बघितलं नाही. "एकवीस," ती म्हणाली. "आणि पदराला नऊ घेतले तर?" "सत्तावीस. पर दोर जाड व्हईल, वासराला टोचंल." मी तिला तीनच्या पाढ्यावर पुरं वर्षभर उभी करत आले होते. पाढा तिच्या हातात होता आणि मी तो तिच्या तोंडात शोधत होते.

त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये मी एकवीस, सत्तावीस मनात घोळवत होते. मला आनंद झाला होता. एखादी गोष्ट आपल्याला सापडली आणि ती अजून कुणाला माहीत नाही, असा लहान मुलाला होतो तसला आनंद.

तिसरा शनिवार माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा दिवस. मी फळ्यावर शब्द लिहिले, पुस्तकातले नव्हे, आबांचे. दावं. कासरा. शिंकं. मुसकं. येसण. मंगल उठून फळ्याजवळ गेली. 'दावं' या शब्दावर तिनं बोट ठेवलं, 'दा' वरून बोट सरकवत 'वं' वर आणलं आणि वळून माझ्याकडं बघितलं. "बाई, हे आमचं दावं हाय?" मी मान हलवली. मग ती एकेक वाचत गेली. 'शिंकं' वर अडखळली, पुन्हा सुरुवात केली, आणि वाचलं. वर्ग हसला, तीही हसली. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

सुट्टीत पोरींनी स्वतः वळलेल्या दोऱ्या घेऊन लिंबाखाली उड्या मारल्या. आबा ओसरीच्या पायरीला टेकून बघत होते. म्हणाले, "आमी दोर वळला तो जनावरासाटी, न्हाईतर मोटंसाटी. खेळासाटी पयल्यांदाच बघायलो."

मधल्या आठवड्यात आम्हा शिक्षकांची बैठक होती. तिथं मी हे सगळं सांगितलं. फुलवून सांगितलं, हेही कबूल करते. टाळ्या झाल्या. एका साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं. त्या टाळ्या कानात घेऊनच मी चौथ्या शनिवारी शाळेत गेले.

दहाच्या सुमारास मंगलचा बाप आला. दिगंबर. तिशीतला माणूस, अंगानं काटक. दुसऱ्या दिवशी त्याची टोळी निघणार होती. शाळेत यायचं म्हणून तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. लिंबाखाली त्याचा म्हातारा बाप मातीत बसलेला, आणि त्याची पोरगी मांडीवर वाख घासत बसलेली. तो फाटकाशीच थांबला. मीच म्हटलं, "या ना. बघा, तुमची मंगल सगळ्यांना शिकवतेय."

"बाई, रागावू नका. एक इचारू का?"

"विचारा."

"तुमची लेकरं कुठं शिकायलीत?"

"परभणीला."

"इंग्रजीत?"

"हो."

"तिथं दोराचा तास असतोय का?"

पोरांचे हात थांबले होते. लिंबाचं एक पान आबांच्या पागोट्यावर पडलं, ते त्यांनी झटकलं नाही.

"नसतोय न्हवं," दिगंबर म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी बी ह्याच शाळंत व्हतो बाई. तिसरीत. पोळा आला की मास्तर मला वर्गातून उठवायचे. मनायचे, जा, बापाकून बैलायच्या येसनी घेऊन ये. बाकीचे लिवायले आन् मी येसनी आनायलो. एक दिस गेलो तो पुना आलोच न्हाई. कुनी बोलवाया बी आलं न्हाई. मनून मनलं, पोरीला दोर दाखवायचाच न्हाई. दोर सुटावा मनून शाळंत घातली तिला. आन् तुमी शाळंतच दोर आनला."

"दिगंबर, इथं सगळीच मुलं वळतायत. एकट्या मंगलला नाही—"

"सगळी वळतेत, खरंय. पर बाकीचे घरी जाऊन हात धुतेत बाई. हिचे न्हाई धुतले जाणार."

मग तो बापाकडं वळला. "उठा आबा."

आबा उठले. त्यांच्या हातातला अर्धा वळलेला पदर सुटला आणि जमिनीवर उलटा फिरत फिरत मोकळा झाला. मंगलनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं आहे आणि दर वेळी मला वेगळंच काही वाटलं आहे. त्या वेळी एवढंच कळलं की मी काहीतरी बोलावं असं तिला वाटतंय. तिघं फाटकातून बाहेर गेले. पुढं दिगंबर, मागं म्हातारा, आणि दोघांच्या मधे मंगल.

मी पोरांना वर्गात घेतलं आणि मराठीचं पुस्तक उघडायला सांगितलं.

सगळी उत्तरं मला जीपमध्ये सुचली. म्हणायला हवं होतं की तुमचा बाप इथं पोरांचा गुरू आहे, पाटलाच्या घरची नात त्यांच्या पायाशी बसून शिकते, हे या गावात आधी कधी झालं होतं का? म्हणायला हवं होतं की मंगल वाचायला लागलीय, याच दोरामुळं. पण जीप सेलूच्या फाट्याला लागेपर्यंत ही सगळी उत्तरं माझ्याच मनात लंगडी पडली. इतरांसाठी तो खेळ होता आणि तिच्यासाठी घरच्यांनी जन्मभर भोगलेला एक शाप. दोघांच्या हातात वाख एकच. मी त्या वाखातला पाढा बघितला, शब्द बघितले. दिगंबरनं त्यात स्वतःची तिसरी बघितली. त्याचं चूक आहे असं म्हणायची माझी हिंमत त्या दिवशीही झाली नाही, आजही होत नाही. आणि तरीही मंगल वाचायला लागली होती, हेही तितकंच खरं आहे. या दोन खऱ्या गोष्टी वीस वर्षं माझ्या आत समोरासमोर बसून आहेत. एकमेकींशी बोलत नाहीत.

रविवारी मी त्या गावाला जाऊ शकले असते. टोळी निघायच्या आधी दिगंबरच्या घरी जाऊन बसू शकले असते, चहा मागू शकले असते. गेले नाही. मला वाईट वाटलं होतं यापेक्षा माझा अपमान झाला होता, हे जास्त खरं. साऱ्या पोरांसमोर एका माणसानं मला निरुत्तर केलं होतं. त्या रविवारी मी घरी गाद्या उन्हात घातल्या, डबे घासले, लेकीच्या वह्यांना कव्हरं घातली.

सोमवारी हजेरी घेताना मंगलचं नाव पुकारलं. उत्तर आलं, "गेली बाई, कारखान्यावर."

दुपारच्या सुट्टीत मी आबांकडं गेले. ते दारात बसले होते. पेंढ्या पाण्यातच होत्या, पण ते ओढ्याकडं गेले नव्हते.

"आबा, तिला दरवर्षी इथं ठेवायचे ना?"

"ठिवायचा. औंदा मनला, तुमच्यापाशी ठिवली तर दोरच वळंल. म्या मनलो, न्हाई वळू देत बाबा, हात लावू देत न्हाई. वाटलं तर मी बी वळत न्हाई. ऐकलं न्हाई त्यानं." मग म्हणाले, "चुकी माझी हाय बाई. लेकरायमदी बसून मला लय बरं वाटायलं व्हतं. भान न्हाई ऱ्हायलं."

चुकी माझी आहे, असं ते म्हणाले. मी समोर उभी होते. 'नाही आबा, माझी' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी म्हटलं, "येईल ती उन्हाळ्यात. परीक्षेला बसवू." आणि शाळेची घंटा व्हायच्या आत निघाले.

उसाच्या फडात लहान पोरींना काय काम असतं ते मला नंतर कळलं. मोठी माणसं ऊस तोडत जातात, आणि पोरी उसाच्या हिरव्या शेंड्यांना पीळ देऊन त्यानं मोळ्या बांधतात. पोरीच्या हातात दोर नको म्हणून बापानं तिला जिथं नेलं, तिथं ती दिवसाला शेकडो वेळा पीळच देत होती. तिथं फळा नव्हता. तिथं 'दावं' वर ठेवायला बोट रिकामं नव्हतं.

उन्हाळ्यात ती आली ती परीक्षा होऊन शाळेला सुट्टी लागल्यावर. पाचवीसाठी वालूरला जावं लागे, ती गेली नाही. माझी बदली झाली. दोनेक वर्षांनी आबा गेल्याचं कळलं, तेही त्यांचं सगळं उरकल्यावर. त्यांच्यामागं त्या ओढ्यात पेंढ्या कुणी टाकल्या नाहीत. शेतकऱ्यांनी बांधाला अंबाडी पेरायची सोडली. पेरली तर भाजीपुरती चार ओळी. सेलूच्या बाजारात निळे-पिवळे नायलॉनचे दोर टांगलेले असतात. ते कुजत नाहीत आणि बैलाच्या मानेला काचतात. आता बैल तरी कुठं उरलेत.

मध्यंतरी आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. पडद्यावर एकेक चित्र सरकत होतं आणि एक तरुण मॅडम फार छान सांगत होत्या. मुलांच्या हातांना काम द्या. हात शिकले की डोकं शिकतं. आपल्या गावातली पारंपरिक हस्तकला शाळेत आणा, गावातला कारागीर शोधा, त्याला सन्मानानं बोलवा. त्या मॅडमचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी मागच्या रांगेत बसले होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला दिसत होतं ते एवढंच की जोवर आबा जिवंत होते, तोवर त्यांचा दोर म्हणजे त्यांच्या जातीची खूण होता. आबा गेल्यावर तो हस्तकला झाला. जिवंत होता तोवर पोरांना त्यापासून वाचवायचं, आणि मेला की त्याचा तास घ्यायचा. याच्या मधे एखादी वाट असायला हवी होती. ती मला चार शनिवार दिसली होती, आणि मी ती राखली नाही.

पुढच्या महिन्यात सगळ्या शाळांनी हस्तकलेचे दिवस साजरे केले. कारागीर कुणालाच मिळाला नाही. दुकानातून रंगीत कागद आले, आइस्क्रीमच्या काड्या आल्या, फोटो निघाले. आमच्या शाळेतल्या तरुण सरांनी मोबाईलवर दोर वळतानाचा कुठल्यातरी लांबच्या मुलखातला व्हिडिओ लावला. एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्याकडं हे कशाचं करायचे?" म्हटलं, अंबाडीचं. ती हसली. "बाई, ती तर भाजी असते."

त्याच आठवड्यात परभणीच्या बसस्टँडवर त्या जुन्या गावची एक बाई भेटली. तिच्याकडून कळलं की मंगलला चुडाव्याकडं दिलंय. मी रविवार धरून गेले. कशाला गेले, हे मला नीट सांगता येणार नाही. तिला शाळेत बोलवायचं, असं मी स्वतःला सांगत होते.

गाडीतून उतरून दोनेक कोस आत, गावाच्या कडेला तिचं पत्र्याचं घर. दारात ट्रॅक्टरची रिकामी ट्रॉली उभी होती. तीस वर्षांची मंगल पन्नाशीची दिसत होती, पण हसली तेव्हा एकावर एक चढलेल्या दातांवरून मी तिला ओळखलं. तिनंही मला ओळखलं. "बाई! तुमी हिकडं कशा काय?" तिनं पोतं झटकून अंथरलं, पाणी दिलं. परवा टोळी निघणार होती. घरात पिठाची पोती, भांडी, अंथरुणं बांधून ठेवलेली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उंबऱ्यात बसून माझ्याकडं बघत होती.

मी विचारलं, "दोर वळता येतो का गं अजून?"

ती हसली. "आता कुठला बाई. वाख बगून किती वर्सं झाली. हात ईसरले." दोन्ही तळहात तिनं माझ्यासमोर उलटे-सुलटे केले. कोयत्यानं पडलेले घट्टे होते, उसाच्या पाचटानं चिरलेल्या जुन्या रेषा होत्या.

"आणि वाचता?"

"एस्टीवरचं गावाचं नाव कळतंय."

मी इतकी वर्षं मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "मंगल, तेव्हा माझं चुकलं."

"कव्हा?"

"तो दोराचा तास. तुझे वडील आले होते, मी काहीच बोलले नाही. रविवारी घरी यायला हवं होतं मी."

तिला आठवायला वेळ लागला. मला तो वेळ फार जड गेला. मग तिचा चेहरा उजळला. "ते व्हय! आबा लिंबाखाली बसायचे ते?" ती म्हणाली, "ते चार दिस लय बरे गेले बघा बाई."

एवढंच. माझ्यावर राग नाही, बापावर नाही. तिच्या लेखी तिथं काही तुटलंच नव्हतं. मिळायचं होतं काही आणि ते गेलं, असं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी माफी मागायला आले होते, आणि माझ्याकडून काय हरवलं ते तिला ठाऊकच नव्हतं.

मी उंबऱ्यातल्या मुलीला विचारलं, "शाळेत जातेस का?"

ती आईकडं बघू लागली. मंगलच बोलली. "नाव हाय शाळंत. ती नसती."

"इथं ठेव ना तिला. आजीजवळ."

"आजी बी येती तोडीला. कुणापाशी ठिवू?"

"काय काय येतं हिला?"

मंगलनं पोरीकडं बघितलं. दावणीच्या जनावराकडं बघावं तसं नाही, मायेनंच बघितलं. "काईच येत न्हाई बाई," ती म्हणाली. "ना तुमचं, ना आमचं."

चुडाव्याच्या रस्त्यावर कुत्री अंगावर येतात म्हणून ती मला पांदीच्या, शेतांमधल्या गाडीवाटेच्या, टोकापर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं माझ्या लेकींची चौकशी केली. थोरली पुण्याला आहे, धाकटी बंगलोरला, असं मी सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. पांदीच्या टोकाला ती थांबली.

"जावा आता बाई. मला लय काम पडलंय."

ती वळली आणि भराभर चालत गेली. मी तिथंच उभी होते. शेतात ऊन पसरलं होतं, तुरीवरून थंड वारा येत होता, आणि हवेला कसलाही वास नव्हता.